बंदूक साफ करताना

४ नोव्हेंबर, रविवार

ही डायरी पॉलाने आणून दिली. म्हणाली, "शाळेच्या सभेत तुला बोलायला तीन मिनिटं मिळणार, मर्व. तेवढा वेळ तुझा घसा खाकरण्यातच जातो. काय ओकायचं ते आधी यात ओक, मग त्यातलं बरं तेवढं निवडू." बायको शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, रोज अख्ख्या शाळेच्या पोरांना रांगेत उभं करते. तिच्यापुढे आपण काय बोलणार.

तर विषय असा. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार म्हणजे आमच्याकडे हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस, आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी. माझ्या आजोबांच्या वेळेपासून हे असंच. आता गेल्या महिन्यात पलीकडच्या जिल्ह्यातल्या शाळेत तो प्रकार झाला. एका पोराने बापाची बंदूक दप्तरात घालून नेली आणि वर्गातली दोन मुलं मारली. झालं, आमच्या शाळा समितीतल्या ट्राउटमन बाईंना साक्षात्कार झाला की ही सुट्टी बंद करावी. शाळेने बंदुकीचा सण पाळू नये म्हणे. ४ डिसेंबरला सभा आहे आणि मी नाव दिलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. बंदूक तीच आहे, माणसं बिघडली. मी शाळेत होतो तेव्हा मोठ्या पोरांच्या ट्रकमध्ये मागच्या काचेला रायफली टांगलेल्या असायच्या. घंटा झाली की पोरं थेट रानात. कुणी कुणावर रोखली नाही. कारण तेव्हा शेजारच्या घरात काय शिजतंय ते शेजाऱ्याला माहीत असायचं. आता बापाला स्वतःच्या घरातल्या माणसाच्या मनात काय चाललंय त्याचा पत्ता नसतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तेवढं सगळ्यांना दिसतं.

दुपारी जेवताना हे सगळं बोललो. ब्रिन म्हणाली, "डॅड, हे तू दर रविवारी सांगतोस. फक्त ट्रकची संख्या वाढत जाते." सोळाव्या वर्षी ही जीभ! एरवी अशा वेळी पॅप, म्हणजे माझे वडील, माझी बाजू घेतात. आज ते बटाटे ताटात इकडचे तिकडे करत बसले. एप्रिलमध्ये आई गेली तेव्हापासून त्यांची भूक मंदावली आहे. वयच झालं, चालायचंच.

७ नोव्हेंबर, बुधवार

थंडी सुरू झाली की गावातल्या घरं तापवणाऱ्या सगळ्या भट्ट्या एकाच आठवड्यात आजारी पडतात, आणि त्या दुरुस्त करणं हा माझा धंदा. दिवसभर लोकांच्या तळघरांत वाकून पाठीचा बोऱ्या वाजला. शेवटी आर्लनकडे गेलो. आर्लन आमच्या मागच्या कुंपणापलीकडे राहतो, पहिलीपासूनचा दोस्त. त्याची भट्टी साफ करून दिली आणि कॉफी प्यायला बसलो.

त्याला भाषण ऐकवलं. म्हटलं, शिस्तीच्या मुद्द्याला ड्वाइटचं उदाहरण घेऊ का? ड्वाइट हा त्याचा थोरला भाऊ. शिकारीच्या आदल्या दिवशी बंदूक साफ करताना गेला. आत गोळी आहे का ते बघायचं राहिलं. असा माणूस, ज्याने आम्हाला दोघांना बंदूक धरायला शिकवलं!

आर्लनने आपला कप धुतला, पुसला, आणि पुन्हा धुतला. "ड्वाइटचं नको घेऊस," म्हणाला.

"अरे, त्याची बदनामी थोडीच करणार आहे?"

"नको म्हटलं ना, मर्व."

इतकी वर्षं झाली तरी भावाचं दुःख ते दुःखच. दुसरं उदाहरण शोधीन. तसा तोटा नाही. टपालखात्यातला हर्ब बायको सोडून गेल्यावर त्याच हिवाळ्यात असाच गेला. दूधवाला लाम्बर्ट, गाई विकाव्या लागल्या त्या वर्षी. सगळे बंदूक साफ करताना. इतके जुनेजाणते शिकारी आणि एवढी साधी गोष्ट विसरतात, कमाल आहे. मुद्दा लिहून ठेवतो: अनुभवी लोकांनाही दर वर्षी प्रशिक्षण द्यावं.

१० नोव्हेंबर, शनिवार

आज घरात रडारड. पॅपनी टिलीला आर्लनच्या घरी देऊन टाकलं. टिली म्हणजे त्यांची कुत्री, आईच्या मांडीवर वाढलेली. पॅप आमच्याच आवारात मागच्या छोट्या घरात राहतात. ब्रिन रोज शाळेतून आल्यावर आधी तिकडे जाते. आज गेली तर दाराशी कुत्री नाही.

"हिवाळ्यात फिरवायला होत नाही आता," पॅप म्हणाले. "आर्लनकडे कुंपण आहे. तिला बरं पडेल."

ब्रिन म्हणाली, "मी फिरवते की! मला का नाही विचारलंस?" आणि लागली रडायला. मी म्हटलं, अगं, कुत्रं मेलं नाहीये, कुंपणापलीकडे गेलंय. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच पाव्हणा.

मला तर पॅपचं कौतुक वाटलं. तळघरही आवरलंय त्यांनी. आईच्या हातच्या पीचच्या बरण्या चर्चमध्ये वाटल्या, हत्यारं पुसून फळीवर ओळीने लावली, आणि कुठली चावी कुठल्या कुलपाची ते मला नीट समजावून सांगितलं. कुणावर आपला भार पडू नये ही त्या पिढीची रीत. आजच्या पोरांना स्वतःचे मोजे उचलून ठेवता येत नाहीत. भाषणात घेण्यासारखं आहे.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, त्याचा आज सराव झाला. दिवे घालवायचे, दाराला टेबल लावायचं, भिंतीला चिकटून बसायचं आणि गप्प राहायचं. पॉला स्वयंपाकघरातल्या थंड कोठीत इतर बायकांबरोबर उभी होती. म्हणे, एकीला हसू फुटलं आणि मग तिलाच रडू कोसळलं. आपल्या पोरीने अंधारात जमिनीवर बसायला शिकावं, यासाठी का आपण कर भरतो? मला राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. शेवटी टीव्हीवर काढला.

जेवणानंतर ब्रिन भांडी पुसताना म्हणाली, "डॅड, पॅप झोपतो का रे नीट?"

"म्हातारी माणसं कमीच झोपतात."

"आज शाळेत एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, एखादा माणूस आपल्या आवडीच्या वस्तू वाटायला लागला तर..."

"त्या बाईंना म्हणावं, तुमच्या वर्गातली पोरं दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसतात, आधी त्यांच्याकडे बघा. पॅपच्या पिढीला असल्या बायांची गरज नाही पडली."

तिने फडकं ओट्यावर टाकलं आणि गेली. वाक्य पुरं करू द्यायला हवं होतं, असं पॉलाचं म्हणणं. असेलही. पण सगळ्या गोष्टींचं निदान करत सुटायचं हीच तर सध्याची साथ आहे.

१८ नोव्हेंबर, रविवार

चर्चहून आल्यावर पॅपनी मला मागच्या घरी बोलावलं आणि हरणाच्या शिंगाच्या मुठीचा चाकू हातात ठेवला. हा चाकू आजोबांचा. लहानपणी त्याला हात लावला म्हणून मी मार खाल्लाय.

"ठेव तुझ्याकडे," म्हणाले.

मला भरून आलं. खिशातून पेनी, म्हणजे एका सेंटचं नाणं, काढून पुढे केली. आमच्याकडे चाकू कुणी फुकट देत नाही आणि कुणी फुकट घेत नाही. घेणाऱ्याने एक पेनी द्यायची, नाहीतर चाकू नातं कापतो म्हणतात. पॅप याबाबत फार कट्टर. माझ्या लग्नात कुणीतरी सुऱ्यांचा संच दिला, तर पॅपनी भर हॉलमध्ये त्या पाहुण्याच्या हातात एकेका सुरीची पेनी मोजून ठेवली होती. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आज म्हणाले, "राहू दे रे ते. आता काय."

मी पुन्हा हात पुढे केला, तर त्यांनी माझी मूठ मिटवली आणि वरून थोपटली. विसराळू झालेत. पेनी शर्टाच्या खिशात टाकली. चाकूला काय सुरेख धार आहे! ब्रिनला दाखवला. तिने एकच विचारलं, "पेनी घेतली त्याने?" नाही म्हटल्यावर बराच वेळ चाकूकडे बघत राहिली. या पोरीला जुन्या रीतींची चाड आहे हे बघून बरं वाटलं.

२२ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

पॉलाने टर्की छान जमवली होती. बिटात मुरवलेली लाल अंडी आईसारखी कुणालाच जमत नाहीत, पण ब्रिनने यंदा केली आणि पॅपनी एक पुरं खाल्लं.

जेवणाआधीची प्रार्थना पॅपची. एरवी ती भराभरा उरकून आमेन म्हणतात, कारण टर्कीवरचा रस गार होतो. आज त्यांनी एकेकाचं नाव घेऊन आभार मानले. पॉलाचे, आईच्या दुखण्यात सगळं केल्याबद्दल. ब्रिनचे, रोज दार वाजवल्याबद्दल. माझ्याबद्दल म्हणाले, "मर्व चांगला मुलगा आहे. मी त्याला कधी सांगितलं नाही." पन्नाशी उलटली तरी बापाच्या तोंडून हे ऐकायला माणूस हपापलेला असतो, खोटं कशाला बोलू.

अशा क्षणी आमच्या कन्यारत्नाने काय करावं? खुर्ची मागे सारली आणि मागच्या दाराने बाहेर! कोटसुद्धा न घालता. बऱ्याच वेळाने आली तेव्हा नाक लाल झालेलं, हात स्वेटरच्या आत. मी म्हटलं, "सणाच्या दिवशी भरल्या ताटावरून उठायचं? हेच शिकवतात का शाळेत?" पॅपच म्हणाले, "असू दे, मर्व. पोर आहे." पॉलाने पम्पकिन पाय वाढला, विषय संपला.

२५ नोव्हेंबर, रविवार

उद्या पहिला दिवस. नारिंगी जाकिटं काढली, बूट भट्टीपाशी ठेवले. पॅप म्हणाले, "मी वरच्या खडकापाशी एकटाच बसेन यंदा. तू आर्लनबरोबर खालच्या मचाणावर जा." वरचा चढ त्यांना झेपेल का अशी शंका आली. पण तिथेच त्यांनी पहिलं हरीण मारलं होतं, त्यांना जावंसं वाटणारच. म्हटलं, जशी तुमची मर्जी. खूश झालेले दिसले, बऱ्याच दिवसांनी इतके शांत दिसले. ब्रिन म्हणाली, ती पण पॅपबरोबर जाणार. मी म्हटलं, म्हाताऱ्याला एक सकाळ तरी सुखाने एकटं बसू दे.

भाषणही झालंय. मोजून पाहिलं, तीन मिनिटांच्या जरा वर जातं. शेवट जोरदार आहे.

२६ नोव्हेंबर, सोमवार

शिकारीला गेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

पहाटे पॅपना घ्यायला मागच्या घरी गेलो. ते स्वयंपाकघरात टेबलापाशी बसलेले, जाकीट घालून, रायफल मांडीवर. तिचा बोल्ट नाही. गोळी आत ढकलणारा तो लोखंडी दांडा. तो काढला की रायफल म्हणजे नुसती काठी. मी कपाटाखाली, खुर्चीखाली, चुलीमागे शोधलं. पॅप जागचे हलले नाहीत. "शोधू नकोस," एवढंच म्हणाले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोल्ट काढायला मीच तर शिकवलं होतं ब्रिनला, बारा वर्षांची असताना, याच टेबलावर. तसाच तरातरा घरी आलो. ब्रिन जागी होती, अंगात कोट, जिन्याच्या पायरीवर बसलेली.

"बोल्ट कुठाय?"

"देणार नाही."

मग मी जे तोंड सोडलं ते लिहायलाही लाज वाटते. सगळं भाषण तिच्यावर ओतलं. माणसाचा हक्क, घराची अब्रू, ट्राउटमन बाईंची फूस. "म्हाताऱ्या आजोबाच्या घरात चोरी करतेस? निषेध करायला तुला पॅपच सापडला?"

ती रडली नाही. म्हणाली, "तुझी सुट्टी गेली खड्ड्यात, डॅड. टिलीला का देऊन टाकलं? चाव्या तुला कशाला समजावल्या? त्या दिवशी प्रार्थनेत तो आपला निरोप घेत होता आणि तू पम्पकिन पाय खात बसलास. त्याने पेनी का नाही घेतली? सांग ना, पॅपने पेनी का नाही घेतली?"

मी तिथेच पायरीवर बसलो. खिशात हात गेला तर पेनी तिथेच, त्याच शर्टात. ज्याला नातं पुढे चालवायचंच नाही, तो पेनी कशाला घेईल?

परत गेलो तेव्हा पॅप तसेच बसले होते. मी रायफल त्यांच्या मांडीवरून उचलली आणि समोरच्या खुर्चीत बसलो. एरवी तीन मिनिटांत न मावणारा मी, आज एकच प्रश्न होता. विचारलं, "पॅप, वरच्या खडकापाशी एकटं कशाला जायचं होतं?"

ते म्हणाले, "पोर हुशार आहे तुझी." मग म्हणाले, "मला जमत नाही रे, मर्व. संध्याकाळी तुझ्या आईची खुर्ची बघवत नाही. तुम्हाला वाटलं असतं, म्हातारा चढावर घसरला. कुणाला खाली मान घालावी लागली नसती."

मी त्यांचा हात धरला. शाळेत जायच्या आधी कधी धरला असेल, त्यानंतर आजच. उजाडलं तशा डोंगरावर बंदुका वाजायला लागल्या, आणि प्रत्येक आवाजाला मी तो हात आणखी घट्ट धरत होतो. पॉला आली, तिने फोन केला, आणि आम्ही त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. गाडीत ब्रिन मागे त्यांच्याजवळ बसली होती. दोघांनी नारिंगी जाकिटं घातलेली.

२८ नोव्हेंबर, बुधवार

पॅप दवाखान्यात आहेत, शुक्रवारी घरी आणू. आमच्या घरात, खालच्या खोलीत. डॉक्टरीण बाई ब्रिनच्या वयाच्या वाटल्या, पण बोलल्या पोक्तपणे. घरात बंदुका आहेत का विचारलं. मी म्हटलं, कपाटाला कुलूप आहे. त्या म्हणाल्या, चावी कुठे असते ते पॅपना ठाऊक आहे का? कपाट पॅपनीच बनवलंय.

संध्याकाळी सगळ्या रायफली गाडीत घातल्या आणि आर्लनकडे नेल्या. कुणी मला पूर्वी सांगितलं असतं की तू आपल्या हाताने बंदुका घराबाहेर काढशील, तर मी त्याला दारातून हाकलला असता. काय सांगावं ते ठरवत गेलो होतो, पण आर्लनने काही विचारलं नाही. त्याने कपाट उघडलं, स्वतःच्या बाजूला सारून जागा केली. टिली आमच्या पायांत घोटाळत होती.

शेवटची ठेवताना तो म्हणाला, "आमच्याही घरून कुणी आणून ठेवल्या असत्या ना..." आणि कुलूप लावलं.

तेव्हा मला कळलं. ड्वाइट. आणि हर्ब, आणि लाम्बर्ट. अख्ख्या गावाला ठाऊक होतं, आणि मी मुद्दे काढत होतो की त्यांना प्रशिक्षण द्यायला हवं होतं.

टिलीला घेऊन आलो. आर्लन म्हणाला, "ने बाबा. रात्रभर दाराशी बसून रडते."

४ डिसेंबर, मंगळवार

सभेला गेलो. पॉला म्हणाली, नाही बोललास तरी चालेल. पॅप म्हणाले, "नाव दिलंय ना? मग जा." घरी आल्यापासून हे त्यांचं पहिलं अख्खं वाक्य. ब्रिन त्यांच्याजवळ थांबली.

भाषणाचा कागद खिशातच राहू दिला. म्हटलं, सुट्टी राहावी असं मला अजून वाटतं. बापाबरोबर रानात बसण्याइतकं चांगलं मला आयुष्यात फारसं काही मिळालेलं नाही. माणसं बिघडली असंही मी सगळीकडे सांगत फिरलो. पण माझ्या घरातलं माणूस मोडत होतं आणि ते मला दिसलं नाही, माझ्या मुलीला दिसलं. मग म्हणालो, "आपल्या गावात माणसं बंदूक साफ करताना जातात. आपण सगळे असंच म्हणतो. मीही म्हणत आलो. इतक्या घाण बंदुका कुणाच्याच नसतात."

कुणाचंच नाव घेतलं नाही. आर्लनने नको म्हटलं होतं. खाली बसलो तर मागे खुर्ची वाजली. आर्लनने बोलायला नाव दिलेलं नव्हतं. टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माझा भाऊ ड्वाइट. त्याची बंदूक स्वच्छ होती." आणि बसला.

अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही. ट्राउटमन बाई चष्मा काढून टेबलाकडे बघत होत्या. मग हर्बची बहीण उठली.

सुट्टीचा निकाल जानेवारीत लागेल. घरी आलो तर पॅप कोचावर, टिली त्यांच्या पायांवर, ब्रिन खाली बसून गृहपाठ करत होती. बोल्ट तिने कुठे ठेवलाय ते मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

"काय झालं?" पॅपनी विचारलं.

"थोडक्यात आटपलं."

"तू? थोडक्यात?" ब्रिन म्हणाली.

पॅप हसले नाहीत. डॉक्टरीण बाई म्हणाल्यात, घाई करू नका, चांगले दिवस येतील तसे वाईटही येतील. आजचा त्यातला कुठला ते मला सांगता येत नाही. मी बूट काढत होतो तेव्हा त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि तळवा माझ्यापुढे धरला.

"काय हवंय, पॅप? पाणी?"

"चाकू फुकट घेतलास माझा," ते म्हणाले. "पेनी दे."